मलमाची साडी

माझ्या आईची एक साडी मलमाची होती. पोपटी रंगाची, काठ विटलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती साडी. माझ्या अंगाला मलम लावायची वेळ झाली की ती हीच साडी नेसायची. बाकीच्या साड्यांना चिकटपणा लागू नये म्हणून एकच साडी कामाला लावायची, असा तिचा साधा विचार. शेजारणी विचारायच्या, रोज रोज हेच काऊन नेसतं वं? तर म्हणायची, "ही मायी ड्युटीची साडी हाय."

ती साडी आता नाही. आईपण नाही.

मला सोरायसिस आहे, सहा वर्षं झाली. हे मी असा आजार असणाऱ्यांसाठी लिहितेय, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. पण खोटं कशाला बोलू, आमच्या गावासाठीही लिहितेय. अल्लीपूरपासून थोडं आत आमचं गाव. पोरीच्या आजाराला कंटाळून मायनं जाळून घेतलं, असं तिथे अजून बोलतात. माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. मी किराणा दुकानात शिरले की विषय एकदम पाऊसपाण्यावर जातो, एवढंच.

माझ्या आईने जाळून घेतलं नाही. ती कशी जळली ते मला माहीत आहे, आणि जसं घडलं तसं सांगणार आहे.

खडूची भुकटी

मी ब्लाऊज शिवते. हिंगणघाटला जाऊन शिकले आणि घराच्या समोरच्या खोलीत मशीन टाकली. कापडाची पारख मला चांगली आहे. सुती सांगून कोणी मिसळीचं कापड गळ्यात मारलं असेल तर मी कडेचा एक दोरा ओढून त्याला काडी लावून दाखवते. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, नकली दोऱ्याची कडक गोळी होते. बायकांना याची फार गंमत वाटायची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आजार आधी कोपरांवर आला. मग डोक्यात, मग पाठीवर, पायांवर. लाल चट्टे आणि त्यांच्यावर पांढरे पापुद्रे. एकदा एका बाईचं काळं ब्लाऊज हातात दिलं तर तिने ते झटकलं. "ताई, हे पांढरं काय हाय?"

"खडूची भुकटी," मी म्हटलं. शिंपिणीला ही एक सोय असते.

ती थाप वर्षभर चालली. मग चट्टे मनगटापर्यंत आले आणि कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. बायका स्वतः माप द्यायला येईनात, जुनं ब्लाऊज मापाला पाठवू लागल्या. मग तेही पाठवेनात. एकीने तर शिवलेलं ब्लाऊज माझ्यादेखत चिमटीत धरून पिशवीत टाकलं. मी तेव्हा हसले. घरात येऊन उशी फाडली.

त्याआधी जे करतात ते सगळं करून झालं होतं. करंजीचं तेल, निंबाचा पाला, कुणी सांगितलेला लेप, ज्याने आठ दिवस अंगाची नुसती आग झाली. शेवटी आईच म्हणाली, "बस झालं हे. चाल दवाखान्यात."

डबा

मोठ्या दवाखान्यात कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझा हात उघड्या हाताने धरला, हातमोजा न घालता, आणि कोपरावरून बोट फिरवलं. वर्षभरात माझ्या चट्ट्याला आईशिवाय कोणी हात लावला नव्हता. मी तिथेच रडायला लागले, निदान ऐकायच्या आधीच.

त्या म्हणाल्या, हा सोरायसिस. स्पर्शाने पसरत नाही. मुळापासून जाईलच असं नाही, पण आटोक्यात राहतो. आईने एकच प्रश्न विचारला.

"हिचं लगन होईन न?"

"होईल की. त्याचा याच्याशी काय संबंध?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतकं सोपं उत्तर तिला पटेना.

गोळ्या दिल्या, चट्ट्यांवर लावायची एक नळी दिली, आणि एक मोठा डबा लिहून दिला. पांढरं, वास नसलेलं, लोण्यासारखं मलम. पेट्रोलियम जेली आणि पातळ पॅराफिन एकत्र केलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे रोग मारणारं औषध नाही, पण औषधाइतकंच लागणार. तुमच्या कातडीत पाणी टिकत नाही, हे वरून झाकण घालतं. कोमट पाण्याने अंघोळ, अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर आहे तोवर भरपूर मलम. डब्यात बोटं घालायची नाहीत, चमच्याने काढून घ्यायचं. अंगावरचे केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने लावायचं, उलटं चोळलं तर पुटकुळ्या येतात.

आणि आम्ही उठलो तेव्हा त्यांनी आठवणीने सांगितलं, "मलम लावून आगीजवळ जाऊ नका हं. चूल, गॅस, दिवा. सांभाळा."

हे त्यांनी सांगितलं होतं. त्यांना दोष देणाऱ्याला मी ऐकून घेत नाही.

बाबांनी घरी डब्याचं झाकण उघडून बोट लावून बघितलं. बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते, कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांमध्ये त्यांचा जन्म गेला. म्हणाले, "हे तं ग्रीसच हाय." झालं. आईच्या डोक्यात किडा शिरला. पुढच्या खेपेला तिने विचारलंच, "बाई, यात पेट्रोल असते म्हणते. पोरीच्या अंगाले बाधन नाई न?"

डॉक्टरीणबाई हसल्या. येतं ते जमिनीतल्या तेलातूनच, पण इतकं स्वच्छ केलेलं असतं की तान्ह्या बाळालाही लावतात, म्हणाल्या. ते खरंच आहे. माझ्या अंगाला त्याने कधी काही बाधलं नाही. आम्ही प्रश्न अंगाचा विचारला. कापडाचा विचारायला हवा होता, आणि कापडाची पारख असलेली मी तिथेच शेजारी बसले होते.

चूल बंद

त्या दिवसापासून आईने मला आगीजवळ जाऊ दिलं नाही. चहा ठेवायला गेले तरी ओरडायची. "डॉक्टरीनबाईनं काय सांगतलं? तुले आगीजवळ जायचं नाई म्हणजे नाई!" देवाजवळची उदबत्तीसुद्धा तीच लावायची. केळझरच्या गणपतीला तिचा नवस होता, अंग साफ झालं की पोरीले घेऊन येते म्हणून. पण तोवर घरच्या गणपतीला मी नुसते हात जोडायचे, तेही चार पावलांवरून.

नियम माझ्यासाठी होता. आजार माझा, मलम माझं, तर आगीचं पथ्यही माझंच. आम्हा तिघांनाही तसंच वाटलं.

आमच्याकडे गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापतं. जळण पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवलेली झाडं. फडफड पेटते, धूर कमी, फक्त सारखी पुढे सारत राहावी लागते. आई सकाळी ड्युटीची साडी नेसून चुलीपुढे बसायची. पाणी कोमट झालं की हाक मारायची. मी अंघोळ करून आले की खोलीचं दार लावून मला पाटावर बसवायची. पाठीला हात पोचत नाही म्हणून मी स्वतःसाठी मागे नाड्यांचं ब्लाऊज शिवलं होतं. ती नाड्या सोडायची आणि मानेपासून खाली मलम उतरवत आणायची, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, वरून खाली. एकदाही उलटं नाही.

बोटांवर उरलेलं मलम ती आपल्या टाचांना चोळायची. "वाया कायले घालवा?" तिच्या टाचांना एवढाल्या भेगा होत्या. महिन्याभरात भरल्या. मला सारखी टाच वर करून दाखवायची, "पाह्य, तुयाआधी मीच साजरी झाली." आणि मग हात पदराला पुसायची. पुढून, पाठून, पदराची दोन्ही टोकं धरून बोटांच्या फटीत घालून चांगले खसाखसा. जन्मभर तिने हात पदरालाच पुसले. पिठाचे, पाण्याचे, डोळ्यांचेही.

सकाळी आणि रात्री झोपताना, दिवसातून दोनदा हात पुसणं, आणि साडी तीच. दर आठवड्याला सोडा घालून धुवायची, दगडावर आपटून. वाळली की स्वच्छ दिसायची. एकदा तिच्या पदराचा काठ उसवला म्हणून मी शिवायला घेतला तर कापड हाताला बुळबुळीत लागलं, मशीनच्या पायाखालून सरकायला लागलं. मी म्हटलं, "आई, धुतली का नीट?" ती चिडली. मी टीप मारून दिली आणि विसरले. आज मला त्या टिपेचा एक एक टाका आठवतो.

तीन वर्षं असं चाललं. अंग खरंच सुधारलं. गिऱ्हाइकं परत आली, सगळी नाही, निम्मी. पण हा आजार थंडीत डोकं वर काढतो, आणि त्या थंडीत त्याने माझी पाठ सोलून काढली. मी चिडचिडी झाले. बाबा तर माझ्याकडे बघायचेच नाहीत. त्यांना किळस येते असं मला वाटायचं. जेवताना ताट घेऊन ओसरीवर जायचे.

एका सकाळी आईचा हात चट्ट्यावर जरा जोरात लागला आणि मी किंचाळले, "राहू दे! नको लावूस! मी मेलेली बरी!"

आईनेही आवाज चढवला. "तू कायले मरतं? मीच मरते एकदाची, मंग लाव तू तुया हातानं!"

भिंतीपलीकडे हे ऐकू गेलं. दोन दिवसांनी आई जळली. आता तुम्हाला कळलं असेल, गावाने दोन आणि दोन कसे जोडले. खरं सांगू? मीही पहिले दोन-तीन दिवस तेच जोडत होते.

ती सकाळ

मी न्हाणीत पाण्याची वाट बघत बसले होते, अंगाला रात्रीचं मलम, वर शाल. थंडी मरणाची. बाबा अंगणातच नळावर होते. आई चुलीपुढे वाकून पऱ्हाटी आत सारत होती. मी आवाज दिला, "झालं का वं पाणी?"

"आणते, दम धर थोडा."

मग एक आवाज झाला. कोणी चादर झटकावी तसा. मी दारात आले तर पदर पेटला होता. पदर असा पेटत नाही. मी चुली पाहिल्यात, पदराला ठिणगी लागलेल्या बायका पाहिल्यात. काळं भोक पडतं, बाई हाताने चोळून विझवते आणि हसते. हा पदर खांद्यापर्यंत एका दमात गेला.

मी धावले. आणि आई, जळत असलेली माझी आई, दोन्ही हात पुढे करून माझ्यावर ओरडली.

"जवळ येऊ नको! तुया अंगाले मलम हाय!"

मी थांबले.

एक क्षण असेल, दोन असतील. पण थांबले. तीन वर्षं ती मला आगीपासून दूर ठेवत होती, आणि तिचं ऐकायची माझ्या पायांना सवय झाली होती. बाबा माझ्या बाजूने पळत गेले, दोरीवरची ओली गोधडी ओढून तिच्यावर टाकली, तिच्यावर पडले, बादल्या ओतल्या. मी उभीच. चुलीवरच्या पाण्याला आधण आलं होतं, भांडं खडखडत होतं.

जाळीचं कापड

नऊ दिवस ती होती. जळीत वॉर्डात सगळ्यांना एकाच वेळी खाटेशी बसू देत नाहीत, आम्ही आळीपाळीने बसायचो. वॉर्डात एक वयस्कर सिस्टर होत्या, सिंदी रेल्वे या गावाहून रोज गाडीने यायच्या. कमी बोलायच्या. आल्या आल्या पहिलं काम म्हणजे आईच्या कपाळावरचे केस मागे सारायच्या, मग बाकीचं. जळलेल्या भागाला हात लावता येत नव्हता, पण कपाळ वाचलं होतं. तेवढ्या एका ठिकाणी तिला माणसाचा हात लागायचा.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलिसांचे साहेब आले. अशा प्रकरणात घ्यावाच लागतो. आम्हाला बाहेर काढलं. दाराशी उभी राहून मी देवाला काय म्हणत होते ते आज लिहायची लाज वाटते. मी म्हणत होते, तिने काहीही सांगू दे, पण भांडण सांगू नको देऊ.

मग बाबांसमोर जबाब वाचून दाखवला. कागदी मराठीत लिहिला होता. मुलीच्या आंघोळीचे पाणी तापवीत असता माझ्या पदराने पेट घेतला. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. लिहिणाऱ्या शिपायाने मान खाली घालून आणखी सांगितलं, "हे लिहिलं नाही, पण त्या सारख्या विचारत होत्या, पोरीची अंघोळ झाली का म्हणून."

तिसऱ्या दिवशी सिस्टर पट्टी बदलत होत्या. जखमेवर आधी एक जाळीचं कापड पसरायच्या, मग वर बाकीचं. ती जाळी चकचकीत, ओलसर दिसत होती. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, पॅराफिन लावलेली जाळी, म्हणजे पट्टी जखमेला चिकटत नाही, काढताना त्रास कमी होतो.

म्हणजे तेच. माझ्या डब्यातलं.

सिस्टरनी माझ्या हातांकडे बघितलं. त्यांना कळलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "तुझं मलम कोण लावून द्यायचं?"

"आई."

"आणि हात कुठे पुसायची?"

मी सांगितलं. पदर, तीच साडी, तीन वर्षं, सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग सावकाश समजावलं. अंगावरच्या मलमाने काही होत नाही. पण कापडात मुरलं की ते कापड वात होतं. दिव्याची वात जशी तेल पिऊन पेटते तशी. धुतल्याने कमी होतं, पण सगळं निघत नाही. आणि पेटलं की विझवायला वेळच मिळत नाही.

"पण आम्ही पाळत होतो की," मी म्हटलं, "आगीजवळ जायचं नाही, हे पाळत होतो."

"तू पाळत होतीस," सिस्टर म्हणाल्या.

मी जिन्यात जाऊन बसले. काय वाटलं ते खरं लिहिते. आधी सुटका वाटली. आईने जाळून घेतलं नाही, मला टाकून जायचं तिच्या मनात नव्हतं. आणि मग कळलं की तिला जाळलं ते माझ्या पाठीवरून पुसलेलं मलम. दोन्ही एकदम कळलं.

आईला मी हे सांगितलं नाही. सातव्या दिवशी ती शुद्धीत होती, मला जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता.

"लावलं का?"

"हो," मी म्हटलं. लावलं नव्हतं.

"पाठीले?"

"हो. सगळं लावलं."

"खोटं. पाठीले तुया हात पुरत नाई." आणि थोडं थांबून, "बाबाले सांगजो. आलसीपना नको करजो."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी सकाळी ती गेली. सिस्टरची गाडी त्या दिवशी उशिरा आली, त्यांची भेट झाली नाही.

दोन चिंध्या

त्यानंतर मी मलम सोडलं. डबा मोरीखाली लोटून दिला. गोळ्याही घेईना. मला वाटायचं, हे अंग चांगलं राहण्याची किंमत मी बघितली, आता नको. महिन्याभरात मी डोक्यापासून पायापर्यंत लाल झाले. अंगाला थंडी वाजायची आणि कातडी भाजत असायची. चालताना पायाची कातडी तडकायची. शेवटी बाबांनी उचलून गाडीत घातलं आणि पुन्हा त्याच दवाखान्यात, यावेळी कातडीच्या वॉर्डात. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा केसपेपर बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "यापुढे मी सोबत आलेल्यांनाही बजावेन, हे तुमच्या कपड्यांसाठीही आहे म्हणून. नुसतं पेशंटला नाही." आणि मग, "पण तुला मलम लागेलच. दुसरा मार्ग नाही."

घरी आल्यावर मी एक काम केलं. माझ्या उशीचा अभ्रा मीच शिवलेला होता. त्याच कापडाचा उरलेला तुकडा चिंध्यांच्या गाठोड्यात जसाच्या तसा पडून होता. अभ्रा तीन वर्षं माझ्या मलमाच्या मानेखाली आणि दर आठवड्याला धुतलेला. दोन्हींची एकेक पट्टी कापली. अंगणात स्टीलच्या ताटात ठेवल्या, शेजारी पाण्याची बादली. बाबांना म्हटलं, बसा.

कोऱ्या पट्टीला काडी लावली. ती सुती कापडासारखी जळत गेली, हळूहळू, कड काळी होत. बाबांनी बोटाने दाबली असती तर विझली असती.

दुसऱ्या पट्टीला काडी नुसती टेकवली. उभी पेटली. मी दहा मोजायच्या आत ताटात राख होती.

बाबा त्या राखेकडे बघत बसले. मग बोलायला लागले, माझ्याशी नाही, राखेशी. "जिनिंगमधी तेलाचा बोळा जागेवर टाकला तं मुकादम डोळे काढे. यंत्र पुसलं का बोळा लोखंडी पेटीत. तीस वर्सं मी पोट्ट्याईले शिकवलं हे. अन् घरी मायी बायको तेलाचा बोळा नेसून चुलीपुढं बसे, मले दिसलं नाई."

मी म्हटलं, "मी तर तो शिवून दिला, बाबा."

मग आम्ही दोघं रडलो. आई गेल्यापासून पहिल्यांदा, एकाच वेळी, एकाच ठिकाणी.

ज्यांना अजून वाटतं की माझ्या आईने जाळून घेतलं, त्यांनी माझ्या अंगणात यावं. अभ्र्याचं बरंच कापड शिल्लक आहे. मी पुन्हा जाळून दाखवीन.

तुमच्या घरी डबा असेल तर

मलम टाकून देऊ नका. मी टाकून बघितलं, मरता मरता वाचले. ते चांगलं आहे, माझ्यासारख्याला त्याच्याशिवाय जगता येत नाही. पण लावणाऱ्याने हात साबणाने धुवावेत आणि पुसायचेच तर कागदाला पुसावेत, पदराला, ओढणीला, रुमालाला नाही. मलम लागलेले कपडे, चादरी, अभ्रे वरचेवर बदलावेत, आणि धुतले म्हणून निर्धास्त होऊ नये. ते अंगावर असताना चूल, गॅस, दिवा, विडी, कशाच्याच जवळ जाऊ नये. आणि आगीचं पथ्य पेशंटचं नाही. घराचं आहे. डब्याला ज्याचा ज्याचा हात लागतो त्या सगळ्यांचं आहे.

एवढं एक वाक्य आम्हाला तेव्हा कळलं असतं तर आज पाणी कोण तापवतं हा प्रश्न घरात नसता.

बाबा

आता पाणी गॅसवर तापतं, बाबा तापवतात, अंगात आखूड बाह्यांचा सदरा असतो. हातपाय, पोट, मान मी स्वतः करते. पाठ राहायची. आईने सांगितलं होतं, बाबाले सांगजो. मला सांगवेना. त्यांना किळस येते ही माझी समजूत अजून गेली नव्हती.

एका सकाळी मी पाटावर बसले होते आणि हात मागे नेऊन धडपडत होते. दार वाजलं. बाबा दाराबाहेरूनच म्हणाले, "तुयी माय मले सांगून गेली. मीच येऊन नाई राह्यलो."

मी नाड्या सोडल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बाबा आले, मागे बसले. चमच्याने मलम काढल्याचा आवाज आला. पण हात पाठीला लागेना. मला वाटलं, उठून जातील.

"बाबा, किळस येत असेल तर राहू द्या."

"किळस?" त्यांचा आवाज बदलला. "पोरीची पाठ अशी सोललेली पाहून घास उतरत नव्हता मायावाला, म्हणून ताट घेऊन बाहीर जाओ मी. तुले किळस वाटली ती?"

त्यांचा हात पाठीवर आला. यंत्रांनी राठ केलेला, भेगाभेगांचा हात. मानेपासून खाली, वरून खाली. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दाराच्या फटीतून कधी बघितलं असेल.

पाठ झाली. मी नाड्या बांधून वळले तर बाबा खोलीच्या मध्ये उभे होते, मलमाने भरलेले दोन्ही हात अंगापासून लांब धरून, बोटं पसरून. हात धुवायला मोरीत जायचं त्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघांनीच ठरवलेला नियम होता तो. पण ते हलले नाहीत. त्यांची नजर दाराशेजारच्या खुंटीवर होती, जिथे ती पोपटी साडी टांगलेली असायची.

"पुसू कुठी वं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचे हात माझ्या हातांत घेतले आणि उरलेलं मलम त्यांच्या तळव्यांच्या भेगांमध्ये चोळत राहिले, सगळं जिरेपर्यंत. मग आम्ही दोघं मोरीशी गेलो आणि साबणाने हात धुतले.